पाठकोरा नकाशा

गच्चीवर खडूने आखलेल्या आयताची उत्तरेकडची रेघ सोळा इंच पुसली गेली होती. बाकीच्या तीन रेघा शाबूत होत्या. आयत दहा फूट बाय आठ फूट, चारही कोपरे काटकोनात. हेमाबाई दाबके गुडघे टेकून बसल्या, मीटरपट्टी लावून त्यांनी गेलेले सोळा इंच पुन्हा ओढले आणि बोटांवरची खडूची पूड झटकली. आयताची ही सहावी आवृत्ती होती. पहिली पावसाने धुतली, दुसरी वाळवणाच्या चादरीखाली गेली, पुढच्या तीन आवृत्त्या माणसांच्या चपलांनी खाल्ल्या. ती माणसं खोली कशी असावी हे बघायला वर आली होती.

खोली हेमाबाईंची होती. म्हणजे व्हायची होती. सहकारनगरातलं त्यांचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं. दिवसभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून आल्यावर त्या जेवणाच्या टेबलावर एक पुस्तक लिहीत होत्या: अकरावीच्या प्रयोगांचं, मराठीतून. प्रकाशकाला एकतीस मेपर्यंत हस्तलिखित द्यायचं होतं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत घरात ठरलं की गच्चीवर एक लहानशी खोली बांधायची, वर पत्रा, भिंती हलक्या, आत एक टेबल आणि दाराला कडी. फक्त सांगाडा कशाचा करायचा, लोखंडाचा की लाकडाचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. त्याला आता पंधरा महिने झाले होते.

ठरवायचं होतं अनंतरावांनी. अनंत यज्ञेश्वर दाबके चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि एवढ्या काळात एकही निर्णय त्यांच्या अंगाला चिकटला नव्हता. समोर आलेल्या कागदावर ते कोपऱ्यात लिहीत, 'पाहिले. अ. य. दा.', खाली तारीख टाकत आणि कागद पुढे सरकवत. फारच अंगावर येणारा कागद असला तर 'अमुक तारखेस पुन्हा सादर करावे' अशी ओळ वाढवत. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, शेरा सुटला नाही. वाण्याची यादी, दुधाचं कार्ड, लग्नाच्या पत्रिका, सगळ्यांवर 'पाहिले' होतं.

हेमाबाईंनी सुरुवातीलाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. गेल्या वर्षीच्या मेमध्ये एक लोखंडी पट्टी आणि एक सागाची फळी त्यांनी सात दिवस गच्चीवर उन्हात ठेवली, रोज दुपारी दोन वाजता दोन्हींचं तापमान मोजलं आणि तक्ता करून नवऱ्यापुढे ठेवला.

"अहो, हे वाचा. लोखंड अठ्ठावन्न अंश, साग सेहेचाळीस. सात दिवसांची सरासरी आहे."

अनंतरावांनी चष्मा लावला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, कोपऱ्यात 'पाहिले' लिहिलं आणि कागद 'गच्ची' नावाच्या फायलीत लावला.

"मग?" हेमाबाईंनी विचारलं.

"मग काय?"

"शेवटी निष्कर्ष लिहिलाय. लाकूड."

"वाचला की. पण ही एक बाजू झाली. आणि उन्हाचं एवढं काय घेऊन बसलीस? सवय होते माणसाला."

"कुणाला?"

"राहणाऱ्याला."

हेमाबाई चिडल्या की त्यांचा आवाज खाली येई आणि वाक्यं पूर्ण होत. आणखी चिडल्या की त्या नवऱ्याला 'तुम्ही' सोडून 'आपण' म्हणू लागत. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "आपण बाजू किती आहेत ते एकदा मोजून सांगावं."

बाजू मोजायला अनंतरावांनी माणसं जमवली. कचेरीतले जुने सहकारी उपासनी आणि आणखी दोघे रोज चार वाजता येऊ लागले. उपासनी लोखंडाचे. दुसरे दोघे लाकडाचे, पण एकाला साग मान्य होता आणि दुसऱ्याला देवदार, त्यामुळे ते एकमेकांशी जास्त भांडत. अनंतराव सगळ्यांचं ऐकून घेत आणि दर शुक्रवारी कुणाचं काय मत झालं ते फायलीत नोंदवत. मंडईत भाजी घ्यायला गेले तरी कोथिंबीरवालीला विचारत, "तुमच्या गाळ्याचा सांगाडा कशाचा हो?" ती म्हणे, "गिऱ्हाईक खोळंबलंय, कोथिंबीर घेताय का?" तेही ते घरी येऊन नोंदवत.

चर्चा जेवणाच्या टेबलावर होई. घरात बसायला दुसरी जागा नव्हती. कॉलेजातून साडेचारला घरी आलेल्या हेमाबाईंना आपलं हस्तलिखित उचलून ओट्यावर न्यावं लागे, आणि मिसळणाच्या डब्याशेजारी उभ्याने लिहावं लागे.

"वाळवी लागली की संपलं!" उपासनी टेबलावर हात आपटत.

"आणि गंज चढला की?"

"गंजाला रंग असतो. वाळवीला काय आहे?"

"वहिनी," उपासनी स्वयंपाकघराकडे वळून म्हणत, "तुमच्याचसाठी चाललंय बरं का हे सगळं!"

"कळतंय मला. चहा पातेल्यात आहे. गाळून घ्या."

"आणि गाळणं?"

"गाळणं असतं तिथेच आहे."

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षांच्या पर्यवेक्षणासाठी हेमाबाई शनिवार-रविवार दोन्ही दिवस कॉलेजात होत्या. अनंतरावांनी ती संधी साधून कारागिरांना बोलावलं. शनिवारी भवानी पेठेतून हुसेन मिस्त्री आले. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला शांत माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. रविवारी कोथरूडच्या गावठाणातले दत्तोबा आले. त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं, आवाजही वेल्डिंगच्या दुकानात राहून मोठा झालेला. दोघांनीही गच्चीवरचा आयत मोजला. दोघांनीही खाली येऊन नकाशा काढायला कागद मागितला.

आता कोरा कागद नकाशासाठी वाया घालवणं हे अनंतरावांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यांच्या घरात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असे. जुनी परिपत्रकं, बिलं, कॅलेंडरची पानं, जे जे एका बाजूने कोरं ते ते जपून ठेवलेलं. शनिवारी तो गठ्ठा त्यांना पटकन सापडला नाही. ओट्यावर दुसरा एक गठ्ठा होता. मागची बाजू स्वच्छ, पांढरी. हेमाबाई पुस्तक कागदाच्या एकाच बाजूला लिहीत असत, प्रकाशकाची तशी अट होती. अनंतरावांनी मधलं एक पान ओढलं, उलटं केलं आणि हुसेन मिस्त्रींना दिलं. रविवारी दत्तोबांना त्याच्या पुढचं दिलं.

दोघांनीही सुबक नकाशे काढले, मापं टाकली आणि कागद अनंतरावांपुढे ठेवला. कागद समोर आला, आणि चौतीस वर्षांच्या सवयीचा हात आपोआप चालला: 'पाहिले. १२ मे रोजी पुन्हा सादर करावे. अ. य. दा.'

हुसेन मिस्त्रींनी सही बघितली, तारीख बघितली, कागदाची घडी करून खिशात ठेवली. रविवारी दत्तोबांनीही तेच केलं.

सोमवारी हेमाबाईंच्या लक्षात आलं की हस्तलिखितात बासष्टनंतर पासष्ट येतं. मधली दोन पानं लंबकाच्या प्रयोगाची. त्यांच्या मागे तीन रविवारांची मोजणी होती, कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीने बसून केलेली. आणि प्रयोगशाळेला आता जूनपर्यंत कुलूप होतं.

"अहो, माझी दोन पानं दिसत नाहीत. त्रेसष्ट आणि चौसष्ट."

"तूच ठेवली असशील कुठेतरी. होतं असं. वय झालं की विसरायला होतं."

"मी आपल्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे."

"म्हणून तर म्हणतो, आत्ताच काळजी घे."

हेमाबाईंनी घर दोन आठवडे शोधलं. गाद्या उचलल्या, रद्दी उपसली, पिठाच्या डब्यामागे पाहिलं. अनंतरावांनी मदत म्हणून शोधलेल्या जागांची यादी केली. खाली 'पाहिले' लिहिलं.

बारा मेच्या सकाळी साडेआठला फाटकाशी हातगाडी थांबली. हुसेन मिस्त्री दोन माणसांसह सागाचे तासलेले खांब घेऊन आले होते. गच्चीवर जायला जिना घरातूनच होता, जेवणाच्या टेबलाला लागून. हेमाबाई टेबलाशी लिहीत बसल्या होत्या. खांब त्यांच्या डोक्यावरून एकेक करून वर गेले. त्यांनी मान जराशी खाली केली, लिहिणं थांबवलं नाही. अखेर लाकूड ठरलं, असं त्यांना वाटलं. आपल्याला कुणी सांगितलं नाही याची त्यांनी मनात नोंद केली.

नऊ वाजता फाटकाशी टेंपो थांबला. दत्तोबा लोखंडाचे अँगल आणि वेल्डिंगचं मशीन घेऊन आले होते. अँगलही त्याच वाटेने त्यांच्या डोक्यावरून वर जाऊ लागले. पाचवा अँगल गेल्यावर हेमाबाईंनी पेनाला टोपण लावलं, पण त्या उठल्या नाहीत. वरून आवाज सुरू झाले होते, आणि आवाज चांगले स्पष्ट ऐकू येत होते.

"ह्ये काय हाय?" दत्तोबांचा आवाज.

"सांगाडा." हुसेन मिस्त्रींचा.

"कशाचा?"

"या खोलीचा."

"ह्या खोलीचा सांगाडा म्या आणलाय!"

"मग तो परत न्या. जाताना खांबांना धक्का लावू नका, पॉलिश केलंय."

"परत? सही हाय माज्याकडं! साहेबाची सही!"

"सही माझ्याकडेही आहे. खालची तारीख बघा, माझी एक दिवस आधीची आहे."

मग अनंतरावांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. "हे बघा, गैरसमज होतोय. ती मंजुरी नाही. तो शेरा आहे."

"शेरा म्हंजी?"

"म्हणजे मी कागद पाहिला, एवढंच."

"आन् बारा मे?"

"त्या दिवशी पुन्हा सादर करायचा."

"क्येला की सादर!" दत्तोबा ओरडले. "टेंपो भरून सादर क्येलाय! आता काय आरती ओवाळू?"

"दाबकेसाहेब," हुसेन मिस्त्री म्हणाले, त्यांचा आवाज चढला नव्हता, पण धार आली होती, "नुसता कागद पुन्हा दाखवायला भवानी पेठेतून इथवर कोण येतं? सुतार काय फाईल घेऊन फिरतो? सागाला भोकं पाडून झालीत. ती आता बुजवून देता का?"

"तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं."

"कागद घेऊन विचारलंच होतं. तुम्ही सही केलीत."

दत्तोबांना बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. पहिला अँगल जो जोडील त्याची खोली, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. त्यांनी मशीनची वायर जिन्याच्या वरच्या तोंडाशी असलेल्या मीटरला जोडली. मोठा ठिणग्यांचा फवारा उडाला आणि खाली हेमाबाईंच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला. त्याबरोबर शेजारच्या घरचा रेडिओही बातम्या सांगता सांगता गप्प झाला.

"दाबके!" कुंपणापलीकडून उल्काताई ओरडल्या. "आमची वीज का घालवलीत? बारा मेला पंख्याशिवाय बसायचं का आम्ही?"

"चौकशी करतो!" अनंतराव वरून म्हणाले.

"चौकशी नको, वीज द्या!"

नेमके तेव्हाच उपासनी आले. आज सकाळची बैठक त्यांनीच मागून घेतली होती, वाळवीबद्दल त्यांना नवीन काही सापडलं होतं. ते थेट जिन्याने वर गेले आणि लोखंड बघून म्हणाले, "शाब्बास! अखेर ठरलं तर!" मग त्यांना लाकूड दिसलं. "हे कुणी आणलं? दाबके, हे माझ्या मताविरुद्ध आहे!"

हेमाबाई उठल्या. एकेक पायरी चढून वर आल्या. गच्चीवर ऊन पांढरं पडलं होतं. त्यांनी लाकडाकडे बघितलं नाही, लोखंडाकडेही नाही. त्यांनी जमिनीकडे बघितलं. आयत उरला नव्हता. चारही रेघा इतक्या पायांखाली पिठासारख्या पसरल्या होत्या.

मग त्यांना दत्तोबांच्या हातातला कागद दिसला. दत्तोबा तो अनंतरावांच्या नाकापुढे नाचवत होते, आणि कागदाच्या मागच्या बाजूचं अक्षर ओळखीचं होतं.

"दत्तोबा," त्या म्हणाल्या, "तो कागद जरा उलटा करा."

दत्तोबांनी केला. वरच्या कोपऱ्यात चौसष्ट लिहिलं होतं. खाली लंबकाच्या दोरीची लांबी आणि आवर्तकाल यांचा तक्ता, तीन रविवारांचा. लांबीच्या रकान्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता.

हेमाबाईंनी हुसेन मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्रींनी खिशातून आपली घडी काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"बाई, मला माहीत नव्हतं हे तुमचं आहे. आमची शहजादी अकरावीला आहे. तिने मागचं वाचलं. म्हणाली, अब्बा, वर्गात कळलं नव्हतं ते यात कळलं. पुढचं पान कुठे आहे म्हणून रोज विचारते."

"पुढचं पान दत्तोबांकडे होतं," हेमाबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही पानं एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या. अनंतराव म्हणाले, "अगं, पाठकोरी होती. मला वाटलं—"

"आपल्याला काय वाटलं ते आपण फायलीत नोंदवावं." हेमाबाईंचा आवाज इतका खाली आला होता की उल्काताई कुंपणाला टेकून कान देऊ लागल्या. "पंधरा महिने माझ्या टेबलाशी बसून माझ्या खोलीची चर्चा झाली. त्या पंधरा महिन्यांत मी ओट्याशी उभी राहून दोनशे अकरा पानं लिहिली. त्यातली दोन आपण वाटून टाकलीत. आणि मला विसरायला होतं, असं आपण मला सांगितलंत."

"वहिनी, रागाच्या भरात काही—" उपासनी पुढे झाले.

"उपासनी, तुम्ही माझ्या दक्षिणेच्या भिंतीवर उभे आहात."

उपासनी पटकन बाजूला झाले, आणि पूर्वेच्या भिंतीवर उभे राहिले.

"दत्तोबा, गच्चीला बाहेरून जिना लावता येईल? फाटकातून सरळ वर?"

"लोखंडाचा?"

"पावसात राहणार. लोखंडाचाच."

"मंग का न्हाई? चार दिवसांत उभा करतो."

"करा. हुसेन मिस्त्री, तुमचा सागही परत जाणार नाही. खोलीला लागला तर खोलीला, नाही लागला तर मला पुस्तकांचं कपाट हवंच आहे. तुम्ही दोघांनी सहीवर विश्वास ठेवून काम केलंत. दोघांचाही माल घेतला."

"आणि खोली?" अनंतरावांनी हळूच विचारलं.

"खोली होईल. त्या खोलीत मी बसणार नाही." हेमाबाईंनी पानांची घडी न करता ती छातीशी धरली. "खोली आपली. आपण, उपासनी, ते दोघे, आणि ती फाईल. सकाळी आठपासून संध्याकाळी आठपर्यंत. स्टोव्ह, पातेलं आणि गाळणं मी वर पाठवते. येणाऱ्याने बाहेरच्या जिन्याने यायचं. घरातल्या जिन्याचं दार दिवसभर बंद राहील, आणि कडी आतून असेल. खालचं टेबल माझं."

अनंतरावांनी एकदा गच्चीकडे नजर फिरवली. सावली कुठेही नव्हती.

"आता राहिला सांगाडा," हेमाबाई म्हणाल्या. "लोखंडाचा की लाकडाचा, ते आपण सांगायचं. राहणारे आपण आहात. बघा, या दोघांची माणसं खोळंबली आहेत."

उपासनींनी लगेच तोंड उघडलं. "मला वाटतं, उद्या चार वाजता सगळ्यांनी एकदा शांतपणे बसून—"

अनंतराव आधारासाठी मागे झुकले आणि त्यांचा तळहात उन्हात तापलेल्या अँगलवर पडला. तो त्यांनी झटक्यात उचलला आणि त्यावर फुंकर घातली. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. कागद मागितला नाही, पेन मागितलं नाही.

"लोखंड दुपारी दोन वाजता अठ्ठावन्न अंशांवर जातं," ते ठामपणे म्हणाले. "त्यात माणूस बसणार कसा? लाकूड."